मालक स्वतः राहतो त्या घराच्या वेरावाढीला मर्यादा असावी का? (बडोदा)

शियाबागकर

नमस्कार मंडळी. जानेवारी संपत आला की खंडेराव मार्केटात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य कचेरीत, अंदाजपत्रकाची लगबग सुरू होते आणि आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न: यंदा वेरा, म्हणजे मिळकत कर, वाढतोय का? वाढला तर चार दिवस आरडाओरडा, नाही वाढला तर सुटलो म्हणायचं, आणि पुढच्या जानेवारीपर्यंत कुणी नाव काढत नाही. दर वर्षीच्या या धाकधुकीपेक्षा काही कायमची व्यवस्था लागावी असं मला फार दिवस वाटतंय, म्हणून हा धागा.

माझी मागणी अशी. ज्या घरात मालक स्वतः राहतो, त्या घराचं वेराबिल एका वर्षात किती वाढू शकतं याला मर्यादा हवी. चर्चेसाठी ५ टक्के धरू. दुकानं, ऑफिसं, भाड्याने दिलेली घरं, कुलूप लावून ठेवलेले गुंतवणुकीचे फ्लॅट यांना ती लागू नको.

राहत्या घरातून पैसा येत नाही, उलट जातो. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याखालच्या जमिनीला आज काय भाव आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाड्यात राहणाऱ्याला तो भाव मिळणार कधी, तर तो वाडा सोडून गेला की. तोवर वेरा भरायचा तो पेन्शनमधून. आपल्याकडे सरकारी पेन्शनवाले आहेत तसे कारखान्यांतून निवृत्त झालेले ईपीएस ९५ वालेही पुष्कळ आहेत. त्या योजनेचं किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरलं, आणि त्याला महागाई भत्ता नाही. अशा घरात बिल एकदम दीडपट झालं तर वरचा पैसा आणायचा कुठून?

कर नकोच, असं मी म्हणत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली तेव्हा गटारं, नाले, पंप यांवर खर्च किती गरजेचा आहे ते सगळ्या शहराने पाहिलं. वाढ व्हावी, पण माणसाला आधी कळेल आणि झेपेल अशी व्हावी, एवढंच म्हणणं. तुमची मतं लिहा. विरोधातली तर जरूर लिहा.

रावपुरा_जुना

+१. पूर्ण सहमत. वयाच्या सत्तरीनंतर राहतं घर सोडायची पाळी वेऱ्यामुळे येऊ नये.

त्यातून जंत्रीची, म्हणजे जमिनीच्या सरकारी भावपत्रकाची, भीती आहेच. १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री दुप्पट झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात नव्या जंत्रीचा मसुदाही आला. जंत्री दस्तावेज करणाऱ्याला लागते, आपल्याला काय, असं लोक म्हणतात. पण कुठला भाग कितीचा हे ठरवताना जमिनीचा भाव पाहिला जातोच ना?

आकडेमोड

वेरा निघतो कसा ते आधी सांगतो. बऱ्याच जणांना अजून वाटतं की तो घराच्या किमतीवर निघतो.

पूर्वी भाडेमूल्यावर आकारणी व्हायची. मग कायदा बदलला आणि गुजरातेत कार्पेट एरियाची पद्धत आली. अहमदाबादने ती २००१ च्या सुमारास घेतली, नंतर आपणही. चौरस मीटरला एक दर असतो, त्याला तुमच्या कार्पेट क्षेत्रफळाने गुणायचं आणि पुढे गुणांक लावायचे: घर कुठल्या भागात आहे, इमारत किती जुनी आहे, वापर कसला आहे आणि राहतं कोण, मालक की भाडेकरू. इमारत जुनी असेल तर गुणांक कमी, मालक स्वतः राहत असेल तर भाड्याच्या घरापेक्षा कमी. म्हणजे राहत्या घराला काही सवलत आजही आहे. बिल दर वर्षी किती चढावं याला मात्र काही बंधन नाही, आणि शियाबागकरांचा मुद्दा तोच आहे.

आता हिशोब बघा. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. ७० चौरस मीटरचं घर, दर १६ रुपये, सगळे गुणांक १ धरले तर सामान्य कर १,१२० रुपये. दर २० केला तर १,४०० होतो, म्हणजे २५ टक्के वाढ. त्याच वर्षी तुमचा भाग वरच्या वर्गात टाकला आणि गुणांक १ चा १.३ झाला तर १,८२० होतो. वाढ झाली ६२.५ टक्के. आणि सभागृहात ऐकू काय येईल, तर दर फक्त ४ रुपयांनी वाढवला. ते खोटंही नाही. पण बिल उघडणाऱ्याच्या दृष्टीने दोन वाढी एकमेकींशी गुणल्या जातात.

शिवाय बिलात सामान्य कर एकटा नसतो. पाणी असतं, सफाई असते, शिक्षण उपकर असतो. नुसत्या सामान्य करावर मर्यादा घातलीत तर वाढ दुसऱ्या ओळीतून येईल. मर्यादा घालायचीच तर संपूर्ण बिलाच्या बेरजेवर घाला.

भायली_वर्षा

मी विरोधात लिहिते आहे, राग मानू नये.

२०२० साली भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावं शहरात आली. आम्ही त्याआधीपासून इथे राहतो. आमच्या सोसायटीत बहुतेकांचे गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत, मुलं शाळेत आहेत, घरात दोघं नोकरी करतात तेव्हा कुठे महिना निघतो. आमची इमारत नवीन, म्हणून गुणांक पूर्ण. जुन्या शहरातल्या घराला वयाची सवलत आधीच आहे. त्यावर आणखी वाढीला मर्यादा घातली तर शहराला कमी पडणारा पैसा येणार कुठून? जिथे नवीन बांधकाम होतंय तिथून. म्हणजे आमच्याकडून.

राहतं घर उत्पन्न देत नाही हे आम्हालाही लागू आहे. जुन्या मालकाच्या नावावर निदान कर्ज नसतं. दांडिया बाजारातल्या काकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या वाट्याचा रस्ता मी का दुरुस्त करायचा?

फ्रीमाँटकर

वाढलो प्रतापनगरात, आता कॅलिफोर्नियात असतो. वर्षाताई ज्याला घाबरताहेत ते इथे प्रत्यक्ष घडलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७० च्या दशकात इथे घरांच्या किमती भराभर चढल्या. कर किमतीवर होता, त्यामुळे बिलंही तशीच चढली आणि निवृत्त लोक खरोखर अडचणीत आले. जून १९७८ मध्ये लोकांनी प्रपोझिशन १३ नावाची घटनादुरुस्ती मतदानाने मंजूर केली. कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला, मूल्यांकन १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेलं, आणि पुढे ते वर्षाला महागाईइतकंच वाढेल, तेही फार तर २ टक्के, असं ठरलं. घर विकलं गेलं की मात्र नव्या मालकाला बाजारभावाने कर लागतो.

म्हातारी माणसं आपापल्या घरात राहू शकली, आणि या फायद्याला मी कमी लेखणार नाही. पण दोन शेजाऱ्यांच्या बिलांत केवढी दरी पडली बघा. लॉस एंजेलिसमधल्या एका महिलेने १९८८ साली १,७०,००० डॉलरला घर घेतलं. तिला वर्षाला सुमारे १,७०० डॉलर कर बसला. जवळपास तशाच घरांत १९७५ पासून राहणारे शेजारी ३५८ डॉलर भरत होते. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९२ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. वैध ठरला तरी दरी तशीच राहिली.

दुसरं, ही मर्यादा फक्त राहत्या घरांना नव्हती. ऑफिसं, दुकानं, कारखाने सगळ्यांना तीच. व्यापारी मालमत्ता वेगळी काढण्याचा प्रस्ताव २०२० च्या नोव्हेंबरात मतदानाला आला आणि पडला. भावना आजी-आजोबांच्या नावाने जागी झाली, आणि सवलत मॉलच्या मालकालाही मिळाली.

तिसरी गोष्ट वारसांची. १९८६ पासून आईवडिलांचं घर मुलांना जुन्याच मूल्यांकनाने मिळायचं. मुलगा दुसऱ्या गावी राहून ते घर आजच्या भाड्याने देई आणि कर भरे जुन्या हिशोबाने. २०२० च्या प्रपोझिशन १९ ने ते बरंच बंद केलं. आता मुलगा त्या घरात स्वतः राहायला आला तरच सवलत, आणि तीही मर्यादेत.

चौथी गोष्ट तर थेट वर्षाताईंचीच. जुन्यांकडून पैसा येईना, तेव्हा १९८२ मध्ये मेलो-रूस नावाचा कायदा झाला आणि नव्या वसाहतींवर रस्ते-शाळांसाठी वेगळा कर बसू लागला. नवीन घर घेणारा दोन्ही भरतो.

फ्लोरिडाने त्यातल्या त्यात बरं केलं. १९९२ साली तिथल्या लोकांनी मंजूर केलेली मर्यादा ३ टक्के किंवा महागाई, यातलं जे कमी ते, आणि ही सवलत फक्त स्वतः राहत असलेल्या मुख्य घराला. दुकानं बाहेर. शियाबागकरांची मागणी याच्या जवळची आहे. पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली दरी तिथेही पडलीच.

शियाबागकर

फ्रीमाँटकर, फार उपयोगी लिहिलंत. वर्षाताई, राग कसला, तुमच्यासारखं कुणीतरी लिहावं म्हणूनच धागा काढला.

एक फरक मांडतो. कॅलिफोर्नियात कर किमतीवर आहे, म्हणून भाव चढले की कर आपोआप चढतो आणि मर्यादा घातली की जुना-नवा फरक वर्षानुवर्षं रुंदावत जातो. आपल्याकडे क्षेत्रफळावर आहे. ठराव झाल्याशिवाय वेरा हलत नाही. होतं असं की बरीच वर्षं वाढवत नाहीत, विशेषतः निवडणूक जवळ असेल तर, आणि मग एकदम उडी मारतात. मला अडवायची आहे ती ही उडी. ठरलेली वाढ बुडवावी असं मी म्हणत नाही. ती पायरी-पायरीने घ्यावी. ६२ टक्के वाढ ठरली तर ठरू दे, पण जुन्या बिलापासून नव्या बिलापर्यंत राहत्या घराने थोडं थोडं करत पोचावं. शेवटी त्याच भागातलं जुनं घर आणि नवं घर एकाच दरावर येतील.

आकडेमोड

हे असेल तर माझा विरोध बराच मावळला. पण ५ टक्के फार कमी पडतात. १,१२० वरून १,८२० ला पोचायला वर्षाला ५ टक्क्यांनी, चक्रवाढ धरूनही, १० वर्षं लागतील. तोवर डांबर, डिझेल, पगार सगळं कुठल्या कुठे जाईल. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच ४ टक्के आहे आणि वरची सीमा ६. म्हणजे ५ टक्क्यांची मर्यादा जवळजवळ वाढ नाहीच असं म्हणण्यासारखी. १० टक्के धरलेत तर साधारण ५ वर्षांत माणूस नव्या बिलापाशी येतो. ते मला शहाणपणाचं वाटतं.

गोत्री_भाड्याने

या चर्चेत भाडेकरू कुठेच दिसत नाही. मी विद्यापीठात काम करते आणि गोत्रीत भाड्याने राहते. घरात भाडेकरू असला की गुणांक जास्त लागतो हे वर आलंच आहे. तो जास्तीचा वेरा मालक आपल्या खिशातून भरत नाही, भाड्यातून काढतो. आता भाड्याच्या घरांना मर्यादा नको म्हणता, म्हणजे सगळी उडी आमच्यावर. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला संरक्षण आणि ज्याचं काहीच नाही तो उघडा, हे कसं काय?

मालक म्हणजे सगळे पेन्शनर असंही नाही. अलकापुरीतल्या बंगल्यातही मालक स्वतःच राहतो.

शियाबागकर

अलकापुरीचा मुद्दा बिनतोड आहे. मग क्षेत्रफळाची अट घालावी का? कार्पेट १०० चौरस मीटरपर्यंतच मर्यादा लागू, असं काही?

इंदूरची_लेक

माहेर इंदूरचं, सासर कारेलीबागेत, म्हणून दोन्हीकडची बिलं पाहते. मध्य प्रदेशात संपत्तिकर वार्षिक भाडेमूल्यावर निघतो, आणि मालक स्वतः राहत असेल तर करात ५० टक्के सूट आहे. ती कायद्यातच आहे, त्यामुळे दर वर्षी कुणाच्या दयेवर राहत नाही.

पण ती सूट सरसकट आहे. छोट्या घरालाही निम्मा, मोठ्या कोठीलाही निम्मा. आणि भाडेमूल्याचे दर किंवा क्षेत्र बदललं की निम्मं झालेलं बिलही त्याच टक्क्यांनी चढतं. शियाबागकर काका म्हणतात ती गोष्ट त्यातून साधत नाही. क्षेत्रफळाची अट मला पटते.

मांडवीचा_वकील

थोडा इतिहास सांगतो, कारण आपण हे एकदा भोगून बसलो आहोत.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. आकारणी भाडेमूल्यावर होती. १९८० च्या सुमारास दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडे कायद्याप्रमाणे जे प्रमाण भाडं ठरेल त्याच्या वर आकारणी जाऊ शकत नाही, प्रमाण भाडं प्रत्यक्षात ठरवून घेतलेलं नसलं तरीही. पुढे डॉ. बलबीर सिंग खटल्यात तेच सूत्र मालक स्वतः राहतो त्या घरांच्या बाबतीतही उलगडून सांगितलं. दिल्लीची प्रकरणं होती, पण तत्त्व भाडेमूल्यावर कर घेणाऱ्या सगळ्याच शहरांना लागलं. म्हणजे जुन्या घरांची वेरावाढ आपल्याकडे अनेक वर्षं बांधलेलीच होती, फक्त तिला मर्यादा असं नाव नव्हतं. शहरांची मिळकत खुंटली, नव्या इमारतींवर बोजा आला, आणि त्यातूनच क्षेत्रफळाची पद्धत पुढे आली. त्यामुळे गोठवण्याच्या वाटेला पुन्हा जाऊ नये. शियाबागकरांनी वाढ पायऱ्यांनी घ्यायचं म्हटलंय ते वेगळं आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे.

दुसरं असं की नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातेत जकात गेली. तोवर ती शहराची स्वतःची मोठी कमाई होती. त्या जागी राज्याकडून अनुदान येतं, पण ते दुसऱ्याच्या हातचं. हक्काचं म्हणावं असं मिळकत वेराच उरला. तो किती आवळायचा हे जपून ठरवावं.

आता प्रक्रिया. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत सभागृहाने ठरवायचे असतात. आयुक्तांचा मसुदा आधी स्थायी समितीपुढे येतो. सूचना द्यायच्या त्या तेव्हा. बिल हातात आल्यावर केलेल्या निवेदनाला फारसा अर्थ नसतो. पायऱ्यांची वाढ एखाद्या वर्षापुरती ठरावात बसू शकेल. कायमची हवी तर नियमात यावी लागेल आणि त्याला राज्य सरकारची मंजुरी लागेल.

सदाशिव_बडोदे

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला पुण्याचा पुरावा देतो. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत १९७० पासून होती, महापालिकेच्या ठरावावर चाललेली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला, राज्य सरकारने ती बंद करायला लावली, आणि लोकांना फरकाची बिलं गेली. पेन्शनर लोकांच्या हातात मागच्या वर्षांची वसुली! २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली, पण मग पीटी-३ नावाचा अर्ज भरून स्वतः राहतो हे सिद्ध करा असं आलं. रांगा लागल्या. ज्यांना अर्जाचं कळलंच नाही ते राहून गेले.

सवलत नुसत्या ठरावावर ठेवू नका, आणि अर्जाशिवाय मिळेल अशी ठेवा.

कुमुदिनी

मी वयाने बहुधा तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी. सिद्धनाथ रोडजवळ राहते, एकटी. कौटुंबिक पेन्शन आहे. आजचं बिल मला भरता येतं आणि मी ते एप्रिल-मेमध्येच आगाऊ भरून रिबेट घेते. ज्यांना भरता येतं त्यांनी भरावं, या मताची मी आहे.

माझ्या ओळखीत मात्र असे दोन संसार आहेत जिथे ५०० रुपयांची वाढसुद्धा औषधांतून काढावी लागते. त्यांच्यासाठी १० टक्के काय आणि ५ टक्के काय. त्यांना वेगळा मार्ग हवा. सरसकट मर्यादेचा सगळ्यात मोठा फायदा ज्याचं बिल मोठं त्याला होतो, हे तुम्हा हिशोबी माणसांच्या लक्षात आलं असेलच.

फ्रीमाँटकर

काकू, तुमचा मुद्दा अगदी योग्य. त्यासाठी दोन रीती चालतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये सुरू केलेली एक: घराचा कर कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मानाने जास्त होऊ लागला की जास्तीच्या भागात सरकार मदत करतं. मदत उत्पन्न बघून, घर बघून नाही. दुसरी रीत म्हणजे कर पुढे ढकलणं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात ५५ वर्षांवरचा घरमालक वार्षिक कर लांबणीवर टाकू शकतो. सरकार शहराला पैसे देतं, घरावर तेवढा बोजा व्याजासह चढतो, आणि घर विकताना किंवा वारसांकडे जाताना फेडला जातो. शहराचं नुकसान नाही, म्हाताऱ्या माणसाला आज पैसे काढायला नको.

कुमुदिनी

पहिली बरी. दुसरी आपल्याकडची माणसं घेणार नाहीत. नवरा गेल्यावर घरावर कर्जाची नोंद चढवून घ्यायला बाई तयार होत नाही. मुलांना काय तोंड दाखवू, असं वाटतं. सोय ठेवा, पण ती केली म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका.

भायली_वर्षा

वाढ पायऱ्यांनी, क्षेत्रफळाची अट, आणि शेवटी सगळे एका दरावर, असं असेल तर माझी मोठी हरकत राहत नाही. पण त्या ५ वर्षांत कमी येणारा पैसा कुठून आणणार हे लिहाच. नाहीतर तो आमच्यावरच येणार.

आणि गोत्रीच्या ताईंचं म्हणणं सोडून देऊ नका. छोट्या भाड्याच्या घरालाही पायऱ्या द्या. भाडेकरू असल्याचा जादा गुणांक राहू दे, पण उडी नको.

आकडेमोड

पैशाचं सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली होती: राज्याने मिळकत कराचे किमान दर जाहीर करायचे, आणि करवसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या वेगाने वाढली पाहिजे. यावरून लोक म्हणतात की मर्यादा घातली की अनुदान गेलं. तसं नाही. अट एकूण वसुलीला होती, एकेका घराच्या बिलाला नाही. एकूण वसुली वाढवायला जागा भरपूर आहे. आकारणीत न आलेली बांधकामं, घर म्हणून नोंद असलेली पण खाली दुकान आणि वर क्लास चालणारी इमारत, कागदावर जुनंच क्षेत्रफळ असलेला आणि प्रत्यक्षात दोन मजले चढलेला बंगला, वर्षानुवर्षं थकलेली बडी बिलं. देशभरात मिळकत कराची वसुली जीडीपीच्या पाव टक्क्याच्याही आत आहे. ती इतकी कमी असण्याला कुमुदिनीकाकूंचं वेळेवर भरलेलं बिल कारण नाही.

आपल्या निवेदनात हे मर्यादेच्या जोडीने मागा. पायऱ्यांमुळे जेवढे कमी येतील तेवढे नोंदी दुरुस्त करून आणा, असं स्पष्ट.

शियाबागकर

सगळ्यांचं वाचून मसुदा असा केला आहे, वाचून बघा:

"कार्पेट क्षेत्रफळ १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घराचं एकूण वेराबिल, त्यातले सर्व कर आणि आकार धरून, एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढू नये. ठरलेली उरलेली वाढ पुढच्या वर्षांत त्याच मर्यादेत घ्यावी. मालक राहत असो वा भाडेकरू, पायऱ्यांची सोय दोघांना असावी. बंद घरं, दुकानं आणि ऑफिसं यांना नसावी. घर विकलं गेलं, किंवा वाढीव बांधकाम झालं, तर पूर्ण दर लगेच लागू व्हावा. ज्या कुटुंबाचं उत्पन्न अत्यल्प पेन्शनवर आहे त्यांच्यासाठी उत्पन्नाच्या प्रमाणात वेगळी सवलत असावी. पायऱ्यांमुळे येणारी तूट नोंद न झालेली बांधकामं आणि बदललेले वापर आकारणीत आणून भरून काढावी. ही तरतूद नियमांत यावी यासाठी सभागृहाने राज्य सरकारकडे प्रस्ताव पाठवावा."

"मालक स्वतः राहतो" एवढ्याच घरांवरून सुरुवात केली होती, आता छोट्या घरांपर्यंत आलो. मला हे जास्त बरं वाटतंय. मराठी आणि गुजराती दोन्ही प्रती करू. गुजराती मजकूर कुणी तपासून देईल का?

रावपुरा_जुना

गुजराती मी बघतो. आमच्या पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, दोन निवृत्त शिक्षकांच्याही नजरेखालून घालतो.

मांडवीचा_वकील

मसुदा चांगला आहे. एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती जुन्या शहरातल्या आपल्याच लोकांना आडवी येणार.

"घर विकलं गेलं तर पूर्ण दर" असं लिहिलंत. वारसाहक्काचं काय? वाडी, बाबाजीपुरा, दांडिया बाजार इथल्या कितीतरी घरांचं वेराबिल अजून आजोबांच्या नावाने येतं. आजोबा जाऊन तीस-चाळीस वर्षं झाली. वारस पुण्यात, मुंबईत, परदेशात पांगलेले. नामफेर केलेला नाही, कारण त्यासाठी सगळ्यांच्या सह्या लागतात आणि सह्यांचा विषय काढला की वाटण्यांचा विषय निघतो. उद्या पायऱ्यांची सोय झाली आणि नाव बदलताना पूर्ण दर लागेल असं ठरलं, तर कुणीच नामफेर करणार नाही. उत्पन्नावरच्या सवलतीचंही तसंच. ती मागायला बिलावर मागणाऱ्याचं नाव तर हवं.

म्हणून एक वाक्य घाला: वारसाने नाव चढवणं म्हणजे विक्री नव्हे. राहणारा वारस असेल तर पायरी तीच चालू राहावी. आणि निवेदनावर सह्या करणाऱ्या प्रत्येकाने आपलं बिल काढून वरचं नाव बघावं. मृत व्यक्तीचं असेल तर मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि बाकी वारसांची संमती गोळा करायला या महिन्यातच लागा.

कुमुदिनी

आमचं बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. धाकटे दीर नागपूरला असतात आणि नणंद ग्वाल्हेरला. दोघांना आजच फोन करते. वकीलसाहेब, संमतीपत्र स्टँप पेपरवर लागतं की साध्या कागदावर चालतं?

मांडवीचा_वकील

काकू, स्टँप पेपरवर, नोटरी करून घेतलेलं बरं. ती दोघं आपापल्या गावी नोटरी करून पोस्टाने पाठवू शकतात, इथे यायची गरज पडू नये. पेढीनामा मात्र इथला, तलाठ्याकडून. सोबत ओळखीचे साक्षीदार न्या. मजकुराचा नमुना मी उद्या इथेच टाकतो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.